चूळभर पाणी

बाई चुलीपाशी बसल्या की बोलत नसत. मौनव्रत वगैरे काही नव्हतं, त्यांच्या तोंडात पाणी असे. चूल पेटवायच्या आधी त्या तांब्यातलं चूळभर पाणी तोंडात घेत, गाल फुगवत आणि वरण-भाताची पातेली खाली उतरेपर्यंत ते गिळतही नसत आणि थुंकतही नसत. तास-सव्वा तास हा कार्यक्रम चाले. मी एकदा खोलीवर जाऊन हा प्रयोग करून पाहिला, तर शंभर मोजायच्या आत पाणी नाकातून बाहेर आलं.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. वडील जव्हार संस्थानच्या कचेरीत कारकून. संस्थान विलीन झालं आणि ते एका सकाळी मुंबई सरकारचे कारकून झाले. टोपी तीच, टेबल तेच, शिक्का तेवढा नवा आला. मी व्हर्नाक्युलर फायनल पास होऊन घरी बसले होते. आईने वाडा गावातलं एक स्थळ हेरून ठेवलं होतं. तेवढ्यात कळलं की एक संस्था मोखाड्याकडे आदिवासी पाड्यांजवळ बालवाड्या काढते आहे आणि मदतनीस मुलगी हवी आहे. आई म्हणाली, जव्हारची माणसं मोखाड्याला जात नाहीत, मोखाड्याची जव्हारला येतात. मला वाड्याला जायचं नव्हतं, म्हणून मी मोखाड्याला गेले. यात समाजसेवा फारशी नव्हती, हे आता सांगायला हरकत नाही.

बालवाडी म्हणजे कारवीच्या कुडाची एक खोली, पुढे ओटी आणि मागे पडवीत चूल. तीन ते सहा वर्षांची पंचवीसेक मुलं यायची. त्यांची नाकं पुसायची, गाणी म्हणायची, मातीचे बैल करायचे आणि दुपारी जेवू घालून घरी पाठवायचं. बाई तिथल्या मुख्य. वय पन्नाशीच्या आसपास, अंगाने आटोपशीर, नऊवारी घट्ट नेसलेल्या. लहानपणीच विधवा झालेल्या. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत आणि मी विचारलं नाही. एरवी इतक्या बोलक्या, की नदीवर धुणं धुताना पलीकडच्या काठावरच्या बाईशी दोन गावांच्या बातम्यांची देवाणघेवाण करून यायच्या. फक्त चुलीपाशी त्या मुक्या होत.

मग काम चाले ते पळीवर. पळीने पातेल्याच्या काठावर एक टोला म्हणजे लाकूड आण. दोन म्हणजे मीठ दे. तीन म्हणजे मुलांना ओळीत बसव. आणि भराभर, मोजता येणार नाहीत असे टोले म्हणजे तुझं लक्ष कुठे आहे. पहिल्या महिन्यात मला हा चौथाच हुकूम सर्वांत जास्त आला.

आणखी एक तऱ्हा होती. गुळाचा डबा. साधा पत्र्याचा डबा, पण त्याला सुंभाने करकचून सात गाठी मारलेल्या असत. रोज त्या सोडायच्या, मुलांपुरता गूळ काढायचा आणि परत सात गाठी मारायच्या. मुंग्यांसाठी म्हणावं तर मुंग्या गाठी सोडत बसत नाहीत. मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "गाठी सोडता सोडता माणूस शुद्धीवर येतं." मला वाटलं, बाईंना वेड आहे. बालवाडीत एक वेडी बाई आणि एक लग्न टाळणारी मुलगी, संस्थेने माणसं निवडली होती छान.

बाई स्वयंपाकाची चवही घेत नसत. चव बघायचा मान मुलांचा. रोज एकाचा नंबर. पळीवर चमचाभर वरण मी फुंकून गार करायचं, त्याच्या तळहातावर टाकायचं आणि त्याने ठरवायचं. बुधी नावाची चार वर्षांची एक मुलगी होती, पोट पुढे, केस तांबूस, नजर मात्र वकिलाची. तिचा नंबर आला की ती दर वेळी विचार करून "अळणी" म्हणायची. पुन्हा मीठ, पुन्हा चव. पुन्हा अळणी. तिसऱ्या वेळी बाई फुगलेल्या गालांनीच तिच्याकडे बघत आणि ती "आता बेस" म्हणायची. तिचं म्हणणं खरं धरलं असतं तर वरण समुद्रासारखं खारट झालं असतं; दुसऱ्या खेपेला बाई मिठाच्या भांड्यात नुसती बोटं बुडवून रिकामीच झटकायच्या.

माझी गोष्ट वेगळी होती. मी स्वयंपाकात मदत करताना काही खात नसे, अशी माझी पक्की समजूत होती. जेवायच्या वेळी मी पानावर बसायचे, तेव्हा भूक नसायची, आणि मी मनात म्हणायचे की इथलं पाणी जड आहे. एका सकाळी बाईंनी चूल पेटवण्याआधी काशाची एक वाटी माझ्यासमोर ठेवली. म्हणाल्या, "आज एक कर. जे तोंडात टाकावंसं वाटेल ते यात टाक. खाऊ नको म्हणत नाही. सगळं आटोपलं की वाटी उचल आणि खुशाल खा." मी हसले. म्हटलं, वाटी रिकामी राहील. त्यांनी तोंडात पाणी घेतलं आणि विषय संपला.

शेंगदाणे भाजताना भाजले का बघायला दोन दाणे. मग सोलताना फुटके चार. हे वाटीत गेले, म्हणजे हात आधी तोंडाकडे निघायचा आणि वाटेत मला आठवायचं. भिजवलेले हरभरे, मऊ झाले का बघायला. गुळाची पूड हाताला चिकटलेली. भाताचं शीत बोटचेपं झालं का म्हणून एक, खात्री करायला आणखी दोन. भाताच्या कडेची खरपूस पापडी, ती तर मुलांना कुठे आवडते? शिवाय मला आठवलं नाही तेव्हा पोटात गेलं ते वेगळंच. पातेली उतरली तेव्हा वाटी शिगोशीग भरली होती. बाईंनी चूळ टाकली आणि ओटीवरून बुधीची जर्मनची ताटली आणली. माझी वाटी त्यात उपडी केली. ताटली भरली.

त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, मला उलट उत्तर देता आलं असतं. मी ओटीवर जाऊन मुलांना वाढलं. त्या दिवशी शेवटच्या मुलापर्यंत भात पुरला आणि डावभर उरला. रोज शेवटच्या दोघांना खरवडून वाढावं लागे, ते का, हे मला तिथे येऊन पाच महिने झाल्यावर कळलं. आज माझी मुलं मोठी झाली, त्यांना मुलं झाली, आणि अजूनही माझ्या ओट्यावर पोळ्या करताना एक रिकामी वाटी असते. सून विचारते, ही कशाला. मी म्हणते, शोभेला.

पण तेव्हा मला राग आला होता. चोरी पकडली गेल्याचा राग फार वाईट, त्यात आपण बरोबर असल्याचं समाधानही नसतं. मी त्याच रागात असताना, दोन दिवसांनी, बुधीची आई तिला सोडायला आली. कुडाच्या फटीतून तिला चुलीपाशी बसलेल्या बाई दिसल्या. तिने मला विचारलं, "बाय बोलं का नाय? तोंडात काय धरलंय तिनं?" मी झाडू मारत होते. मान वर न करता म्हटलं, "मंतरलेलं पाणी आहे. गिळलं तर मंत्र जातो."

मी हे थट्टेत म्हटलं. जव्हारच्या आमच्या आळीत असं कोणी म्हटलं असतं तर ऐकणारी म्हणाली असती, मग मलाही दे चूळभर, सासू गप्प करायची आहे. पण पाड्यावर पाणी मंतरणं ही थट्टेची बाब नव्हती. तिथला भगत पाणी मंतरून आजाऱ्यावर तोंडाने शिंपडायचा, आणि ते पाणी कशासाठी आहे, कोणी मंतरलं आहे, हे सगळ्यांना ठाऊक असायचं. जे पाणी कोणी, कशासाठी मंतरलं ते ठाऊक नाही, ते वाईट. त्या माणसांच्या हिशोबात हे सरळ होतं. वेंधळेपणा माझा होता.

दिवस भाद्रपदाचे होते. घरातली नागली, म्हणजे नाचणी, संपत आलेली, नवं पीक अजून शेतात. या दिवसांत बालवाडीतलं जेवण हेच कित्येक मुलांचं दिवसाचं खरं जेवण असे. बुधीला ताप आला. दुसऱ्या दिवशी तिच्या पाड्यावरचं एकही मूल आलं नाही, चौथ्या दिवशी शेजारच्या पाड्यावरची मुलं बंद झाली, आणि आठवडा संपायच्या आत ओटीवर तीन मुलं उरली, तीही रस्त्याच्या कामावरच्या मुकादमाची. बाई रोज पंचवीस जणांचे तांदूळ निवडायच्या आणि परत पोत्यात ओतायच्या. महिनाअखेरीला संस्थेच्या तपासनीस बाई यायच्या होत्या. मुलं नसतील तर बालवाडी दुसरीकडे हलवू, असं त्यांनी मागेच बजावलं होतं. मुकादमाच्या बायकोने मला हळूच सांगितलं की पाड्यावर बाईंना भुताळी, म्हणजे चेटूक करणारी, म्हणताहेत.

भुताळी ठरवलेल्या बाईचं पुढे काय होतं, हे त्या भागात लहान मुलालाही माहीत होतं. मी बाईंना सांगायला गेले आणि तांदूळ निवडायला बसले. असं तीनदा झालं. इतकी बडबडी मुलगी मी, पण जे एक वाक्य बोलायचं होतं ते जिभेवर येईना.

शेवटी बाईच उठल्या. म्हणाल्या, मुलं येत नाहीत तर तिकडे जाऊन रांधू. एकात एक घातलेली रिकामी पातेली माझ्या डोक्यावर, तांदूळ-डाळीची पिशवी आणि गुळाचा डबा त्यांच्याकडे. अर्ध्या तासाची चढण होती. वाटेत त्या वरईच्या शेतांबद्दल, जव्हारजवळच्या शिरपामाळावर एकदा पाय मोडून घेतला होता त्याबद्दल बोलत होत्या, आणि मी पातेल्यांखाली मान ताठ ठेवून चालत होते. आता सांगू, त्या वळणावर सांगू, असं करत पाडा आला.

बुधीच्या घरासमोरच्या अंगणात पाड्याचा म्हातारा कारभारी बसला होता, दहाबारा बायका कुडांशी उभ्या होत्या. बुधी आईच्या खांद्यावर मान टाकून होती. ताप उतरला होता, पण दोन दिवस तिने तोंडात काही घेतलं नव्हतं. बाईंनी पातेली उतरवून घेतली आणि विचारलं, मुलं का धाडत नाही.

कारभारी म्हणाला, "तोंडात पाणी धरून जी रांधं, ती आत काय पुटपुटं, कोणाला ठाव? तुझे या पोरीनंच सांगला, पाणी मंतरलेला हाय."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पायांकडे पाहिलं. त्यांनी त्या लोकांसमोर मला खोटं पाडलं नाही.

मग बुधीची आई पुढे आली. ती म्हणाली, "अठं रांध. आमचे समोर. तोंड मोकळा ठेव नि बोलत ऱ्हा. मग बघू."

मी बाईंचा चेहरा पाहिला आणि मला आश्चर्य वाटलं. पाणी मंतरल्याचा आळ ऐकून ज्या डगमगल्या नव्हत्या, त्या आता घाबरल्या होत्या. मी त्यांना पहिल्यांदा तसं पाहत होते. त्या एवढंच म्हणाल्या, "लाकडं आण." एका घरातून कोणीतरी विस्तव आणून दिला. तीन धोंडे मांडले. भात चढला.

आणि बाई बोलू लागल्या. तांदळाबद्दल बोलल्या, पावसाबद्दल बोलल्या, माझ्या झाडण्यातल्या चुका सांगितल्या, पळी कोणत्या लाकडाची बरी ते सांगितलं. बायका टक लावून त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या, मी मात्र त्यांच्या उजव्या हाताकडे. तो हात भाताचं शीत चेपून झालं की वर यायला निघे, आणि बाई बोलता बोलता तो कमरेला पुसत. विषय संपत चालले तशा त्या भराभर बोलू लागल्या. डाळ अजून शिजत होती. मग त्यांच्यापाशी एकच गोष्ट सांगायची राहिली असावी, कारण ती त्यांनी कोणाला सांगितलेली नव्हती.

लढाईच्या सालांत बाईंची धाकटी बहीण वारली आणि तिची दोन मुलं बाईंकडे आली. धान्य रेशनवर, तेही मोजकं. बाई मुलांना आधी वाढायच्या आणि स्वतः पानावर घासभर खायच्या. आळीतल्या बायका म्हणायच्या, मुलांसाठी उपाशी राहते बिचारी.

"मलाही तसंच वाटायचं," बाई डाळ ढवळत म्हणाल्या. "मुलं वाळत चालली आणि मी होते तशीच. भाकरीचं पीठ मळताना चिमूटभर, वरणाचा वरचा दाट भाग, गुळाचा खडा. देवाशपथ सांगते, मला आठवतही नाही खाल्लेलं. हात जायचा. मेहुणे आले नि मुलांना घेऊन गेले. मला एका शब्दाने बोलले नाहीत. थोरली सहा वर्षांची होती. बैलगाडीत बसताना म्हणाली, मावशी, आता तुला पुरेल."

बाई बोलायच्या थांबल्या. मुलांना शेवटी द्यायचा गूळ काढायला त्यांनी डब्याच्या सातही गाठी मघाशीच सोडून ठेवल्या होत्या. आणि तेवढ्यात, मी बघत असताना, सगळ्या बघत असताना, त्यांचा हात डब्यात गेला आणि खडा तोंडात गेला. त्यांना कळलं नव्हतं. माझा चेहरा बघून कळलं. त्यांनी तो खडा तोंडातून काढून तळहातावर घेतला आणि तो हात बायकांसमोर धरला.

"बघा," त्या म्हणाल्या. "या हातासाठी पाणी धरते. मंत्र नाही, काही नाही."

त्यांनी जन्मभर झाकून ठेवलेलं माझ्या एका टवाळ वाक्यामुळे एका पाड्याच्या अंगणात उघडं पडलं होतं.

बुधीची आई त्या ओल्या खड्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "माझाबी हात असाच हाय." नागली दळताना मूठभर पीठ तोंडात जातं, पोरं झोळीत रडत असतात, आणि वाढायच्या वेळी कमी पडलं की आपणच म्हणतो, मला भूक नाही. हे तिने खाली बघून, तुटक तुटक सांगितलं. कुडाशी उभी असलेली एक म्हातारी फसकन हसली नि म्हणाली, सासू असताना ती चुलीमागे जाऊन खायची. मग दुसरी बोलली. थोड्या वेळाने सगळ्याच बोलत होत्या, लाजत होत्या, एकमेकींना ढोसत होत्या. कारभारी हे सगळं पहिल्यांदाच ऐकत असावा. तो उठला आणि अंगणाच्या टोकाला जाऊन पाठमोरा बसला.

परतीच्या वाटेवर मी रडत माफी मागितली. बाई म्हणाल्या, "तू मुद्दाम नाही बोललीस, मी मुद्दाम नाही खाल्लं. पोरांना दोन्ही सारखंच बाधतं. आता जिभेसाठी तुझं तू शोध काहीतरी." त्याहून जास्त त्या कधी रागावल्या नाहीत. मुलं परत येऊ लागली, बालवाडी हलली नाही, आणि पुढे मी तिथे आणखी तीन वर्षं राहिले. बाई शेवटपर्यंत चुलीपाशी तोंडात पाणी धरतच होत्या. फरक इतकाच, की पाड्यावरची एखादी बाई आली तर तीही हसत तांब्यातलं चूळभर पाणी तोंडात घेऊन त्यांच्याशेजारी भाजी चिरायला बसे, आणि दोघी फुगलेल्या गालांनी एकमेकींकडे बघत काम करत.

पण हे नंतरचं. त्या दिवशी अंगणात भात उतरला, वरण उतरलं, मुलं आपापल्या घरातून ताटल्या घेऊन आली. बुधी मात्र आईच्या खांद्यावरून हलेना. तिच्या आईने तिला उचलून थेट बाईंच्या मांडीवर ठेवलं.

"तुझे हातानं भरव," ती म्हणाली.

बाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की इतक्या महिन्यांत मी त्यांना एकाही मुलाला हाताने भरवताना पाहिलं नव्हतं. त्या वाढत, निवत ठेवत, ताटली पुढे सरकवत. भरवायचं काम माझं होतं.

"माझा हात आत्ताच पाहिलास ना," बाई म्हणाल्या.

"पाहला. भरव."

बाईंनी वरण-भात कालवला. एवढासा घास केला. शितं मांडीवर सांडत होती. बुधीने घास घेतला, तोंडात घोळवला, गिळला. दुसरा घेतला. तिसऱ्याच्या वेळी तिने बाईंचं मनगट धरलं, तो घास त्यांच्या हातातून आपल्या मुठीत घेतला आणि बाईंच्या तोंडापाशी नेला.

"तू खा," बुधी म्हणाली.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, बुधीच्या आईकडे पाहिलं. बुधीची मूठ ओठांना लागली होती, तिच्यातून वरण ओघळून कोपरापर्यंत आलं होतं. बाईंनी तोंड उघडलं. तो एक घास चावायला त्यांना फार वेळ लागला.